संगणक-सामग्रीची पारख (कोल्हापूर)

संगणकाचे दोन भाग एकमेकांशी ताडून पाहणे, बसवलेल्या भागाला चालता करणारा ड्रायव्हर शोधणे आणि डेटा संगणकाबाहेर कशावर ठेवायचा हे ठरवणे, अशा तीन कामांचा या नोंदीत एकत्र विचार केला आहे. कामे वेगळी दिसली तरी चूक बहुधा एकाच जागी होते. माणूस खोक्यावरचे नाव वाचतो, आतला क्रमांक वाचत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरी आणि शाहूपुरी भागांतल्या दुकानांत हा व्यवहार चालतो. गिऱ्हाईक एका साच्याचे नसते. शिवाजी विद्यापीठातला विद्यार्थी येतो, उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपचा मालक येतो, लग्नसराईत रात्री जागणारा फोटोग्राफर येतो, पत्रिका छापणारा डीटीपीवाला येतो. फॅट मशीन संगणकाला जोडून दर दहा दिवसांचे दूधबिल काढणारा गावच्या दूध संस्थेचा सचिवही येतो. या सगळ्यांना कोटेशन मात्र बरेचदा एकच मिळते : आय-फाइव्ह, आठ जीबी, एक टीबी.

तुलना : इंटेलचा आय-फाइव्ह हा एक प्रोसेसर नव्हे, ते एका मोठ्या घराण्याचे आडनाव आहे. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात याचा फटका सर्वांत जास्त बसतो. २०१६ साली आलेल्या आय५-७२००यू मध्ये दोन कोअर (हिशेब करणारे गाभे) आहेत, तर वर्षभराने आलेल्या आय५-८२५०यू मध्ये चार. बाहेरच्या स्टिकरवरून हा फरक गिऱ्हाइकाला कळत नाही. शिवाय मोजके अपवाद सोडता विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे पहिल्या लॅपटॉपचे आयुष्य आज दुसऱ्यापेक्षा बरेच कमी उरले आहे. किमतीत फरक हजार-दोन हजारांचा असला तर पहिल्याकडे वळूनही पाहू नये.

उलटा प्रकारही घडतो. ‘‘आय-सेव्हन हाय, डोळं झाकून घ्या,’’ असे सांगून २०१७ चा आय७-७७०० गळ्यात मारला जातो. त्यात चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे). २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, आणि प्रत्येक कोअर जास्त वेगवान आहे. नावात आय-थ्री आहे एवढ्यावरून तो हलका ठरवला जातो. क्रमांक वाचण्याची जुनी रीत अशी : पहिले एक-दोन अंक पिढीचे, लॅपटॉपमध्ये शेवटचे ‘यू’ कमी विजेचे, ‘एच’ जास्त ताकदीचे. २०२३ च्या अखेरीस इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ अशी नवी नावे आणली, त्यामुळे ही रीत जुन्या मालापुरतीच उपयोगाची राहिली.

कामाचा प्रकार न पाहता केलेली तुलना फुकट जाते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला किंवा दूधबिलाला नवा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. अशा संगणकात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकली की तोच संगणक नवा वाटतो, आणि याचे कारण साध्या गणितात आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो, आणि हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होते. संगणक चालू होताना अशा हजारो छोट्या वाचण्या होतात. कॅडचे मोठे मॉडेल फिरवणाऱ्याला मात्र एका कोअरचा वेग आणि ग्राफिक्स कार्ड पाहावे लागते, आणि व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला कोअरची संख्या.

एसएसडी घेतानाही एक फसगत ठरलेली आहे. एम.२ आकाराची पट्टी साटा (जुनी, सावकाश जोडणी) जातीची असू शकते किंवा एनव्हीएमई (पीसीआयई मार्गाने चालणारी, वेगवान) जातीची. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्याच. साटाची मजल सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत, तर पीसीआयई तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३,५०० च्या आसपास जाते. मदरबोर्डची खाच एकाच जातीची असेल तर दुसरी पट्टी बसते पण दिसत नाही, आणि मग पट्टी खराब निघाली म्हणून दुकानात भांडण होते. मदरबोर्डचे माहितीपत्रक आधी पाहिले असते तर ही फेरी वाचली असती.

ड्रायव्हर : ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्रभाग यांच्यामधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. विंडोज नव्याने टाकल्यावर, म्हणजे बाजारच्या भाषेत ‘विंडोज मारल्यावर’, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो आणि नाव येते ‘अननोन डिव्हाइस’. इथे बहुतेक जण लॅपटॉपचे नाव आणि ‘ड्रायव्हर’ हा शब्द शोधयंत्रात टाकतात, आणि पहिली दिसेल ती फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’ची फाइल उतरवून घेतात. असल्या पॅकांतून ड्रायव्हरबरोबर नको ते पाहुणेही येतात.

नीट रस्ता लांबचा नाही. त्या अनोळखी उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘हार्डवेअर आयडी’ असतो. त्यात ‘व्हेन’नंतरचे चार अंक-अक्षर बनवणाऱ्या कंपनीचे : ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक. ‘डेव्ह’नंतरचे चार त्या विशिष्ट चिपचे. यूएसबी उपकरणात हेच ‘व्हिड’ आणि ‘पिड’ या नावांनी येते. (इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हाच क्रमांक घेतला, कारण त्याच नावाच्या प्रोसेसरने १९७८ मध्ये त्यांची वंशावळ सुरू केली.) आयडी हाती आला की आधी लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल किंवा सर्व्हिस टॅग (त्या लॅपटॉपचा स्वतःचा क्रमांक) टाकून पाहावे, तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जावे. चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर आधी, बाकीचे मागून. नेटवर्कचा ड्रायव्हर मात्र विंडोज मारण्यापूर्वीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा. तोच नसला तर बाकीचे उतरवणार कुठून?

कोल्हापूरच्या यंत्रशाळांत ड्रायव्हरची खरी कसोटी लागते ती एका स्वस्त केबलपाशी. जुन्या सीएनसी मशीनच्या (संगणकी प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलरला प्रोग्रॅम पाठवायचा मार्ग आरएस-२३२ हा सिरियल पोर्ट असतो. हे मानक १९६० मधले, आणि नव्या लॅपटॉपला तो नऊ पिनांचा पोर्टच नाही. मग यूएसबी-टू-सिरियल केबल येते. तिच्या प्लास्टिकच्या टोपीखाली कुठली चिप आहे यावर सगळे ठरते. स्वस्त केबलींत सीएच३४० किंवा पीएल२३०३, आणि महाग केबलींत एफटीडीआय कंपनीची चिप. पीएल२३०३ च्या जुन्या वाणाच्या नकला इतक्या झाल्या की कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून तो वाणच बाद केला. मग कालपर्यंत चालणारी केबल विंडोज अपडेट होताच चालत नाही. एफटीडीआयने तर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर पाठवला की तो नकली चिपचा ‘पिड’ शून्य करून टाकी आणि केबल कुठल्याच संगणकाला ओळखू येत नसे. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. नकली चिपवाल्याला धडा शिकवायचा होता; शिक्षा झाली ती केबल विकत घेणाऱ्याला, जो टोपी फोडून चिप पाहत नाही.

अशाच एका वर्कशॉपमध्ये या लेखकाचा अर्धा दिवस गेला आहे. ड्रायव्हर बरोबर, केबल बरोबर, बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) ९६००, पॅरिटी (चूक पकडणारा बिट) मशीनप्रमाणे, तरी प्रोग्रॅम जात नव्हता. शेवटी लक्षात आले, की ऑपरेटरने झाडलोट करताना केबल काढून शेजारच्या यूएसबी खाचेत घातली होती. स्वतःचा अनुक्रमांक नसलेल्या चिपला विंडोज खाचेवरून ओळखते. खाच बदलली की तिला नवा कॉम (सिरियल पोर्टचा) क्रमांक मिळतो. सॉफ्टवेअर कॉम३ वर वाट पाहत बसले होते आणि केबल कॉम७ झाली होती. त्यानंतर त्या खाचेवर पांढऱ्या मार्करने ‘मशीन’ असे लिहून ठेवले.

जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या डोंगलचेही (ते उघडण्यासाठी पोर्टला लावायच्या किल्लीचेही) दुखणे याच जातीचे. ६४-बिट विंडोजला डिजिटल सही केलेला ड्रायव्हर लागतो. डोंगल ३२-बिटच्या काळातला असला तर फॉन्ट, फाइली सगळे असून सॉफ्टवेअर उघडत नाही. म्हणून अनेक छापखान्यांच्या कोपऱ्यात एक जुना, नेट न जोडलेला संगणक केवळ डोंगलसाठी जिवंत ठेवलेला दिसतो. हा उपाय ओबडधोबड असला तरी चूक नाही.

बाह्य साठवण : १९५६ च्या आयबीएम ३५० या पहिल्या व्यापारी हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज तेवढी माहिती मोबाइलच्या एका-दोन फोटोंत संपते. बाहेरची डिस्क खिशात आणली ती यूएसबीने. १९९६ च्या या मानकाची रचना करणाऱ्या इंटेलच्या गटाचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर.

यूएसबीची नावे हा स्वतंत्र वैताग आहे. २००८ चे यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झाले आणि त्यानंतर ३.२ जेन १. वेग तिन्ही नावांखाली तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. खोक्यावर ‘३.२’ वाचून जास्त पैसे मोजण्यापूर्वी पुढचा गिगाबिटचा आकडा पाहावा. टाइप-सी हा तर केवळ खाचेचा आकार. त्याच्या आत २००० सालच्या यूएसबी २.० चा ४८० मेगाबिटचा वेगही असू शकतो. डिस्क फार सावकाश चालते अशी तक्रार येते तेव्हा दोष पुष्कळदा मोबाइल चार्जिंगच्या केबलीचा निघतो.

एक टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवते, त्यात चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज १,०२४ च्या. चोरी वेगळ्या ठिकाणी होते : रस्त्यावर पाच-सहाशे रुपयांत मिळणारा ‘दोन टीबी’चा पेन ड्राइव्ह. त्यातली चिप बहुधा १६ किंवा ३२ जीबीची असते आणि खोटी क्षमता सांगायला शिकवलेली असते. भरलेल्या फाइलींची नावे दिसतात, उघडत मात्र नाहीत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा लिनक्सवरचे ‘एफ३’ हे प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह लिहून परत वाचतात. वेळ लागतो, पण खोटेपणा उघडा पडतो. जुनी डिस्क ‘नवीच आहे’ म्हणून कोणी देत असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’त ‘पॉवर ऑन अवर्स’ पाहावेत. वर्षाचे तास ८,७६०. आकडा ९,००० असेल तर ती डिस्क कुठेतरी वर्षभर अखंड चालल्याएवढी राबली आहे.

लग्नाचे शूटिंग देताना एक अडचण हमखास येते. ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या एफएटी३२ या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, मग ड्राइव्हवर जागा कितीही असो. एनटीएफएस विंडोजला उत्तम, पण मॅक ती डिस्क फक्त वाचतो, त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालवायची असेल तर एक्सएफएटी. तिचा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला आणि तेव्हापासून लिनक्सही तिला सरावले. एक्सएफएटीला जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही, त्यामुळे लिहिताना लाइट गेली किंवा केबल उपटली तर नुकसान जास्त संभवते.

हार्ड डिस्क की एसएसडी, याचे उत्तर वापरावर आहे. चालू काम, प्रवास, एडिटिंग यांना एसएसडी. ती पडली तरी बहुधा तगते. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायच्या मोठ्या साठ्याला हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते. विजेविना पडून राहिलेल्या एसएसडीतला भार हळूहळू गळतो : झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच जेडेक (चिप-उद्योगाची मानक ठरवणारी संस्था) मानकाची अपेक्षा आहे. नव्या एसएसडीत तो जास्त टिकतो, तरी अल्बमचा एकमेव संग्रह तिच्यावर टाकून विसरून जाऊ नये.

प्रती किती ठेवाव्यात याचा प्रचलित नियम ३-२-१ असा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. कोल्हापुरात यातला शेवटचा आकडा पंचगंगेकडे पाहून ठरवावा लागतो. राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांत तळमजल्यावर पाणी होते. संगणक आणि त्याच्या बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या खणात असेल तर ती एकच प्रत समजावी. दुकान शाहूपुरीत असेल तर दुसरी प्रत विद्यापीठाकडच्या उंच भागात कोणाच्या तरी घरी ठेवता येते. शिरोलीच्या कारखानदाराला पुरात शहरात येणेच अवघड होते, कारण पाणी महामार्गावर येते; त्याची दुसरी प्रत नदीच्या शहराकडच्या बाजूला असली तर सुरक्षित राहते, पण पाणी ओसरेपर्यंत हाती लागत नाही. त्यासाठी चालू महिन्याच्या फाइली इंटरनेटवरही असाव्यात.

भिजलेल्या हार्ड डिस्कचे लोक उत्साहाने करतात ते सगळे चुकीचे असते. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते (हेलियम भरलेल्या डिस्कला नसते), त्यातून गाळाचे पाणी आत जाते. उन्हात ठेवले की पाणी उडते आणि गाळ तबकडीवर चिकटून बसतो. तांदळात पुरल्याने काहीच होत नाही. आणि ‘चालते का बघू’ म्हणून वीज दिली की हेड तो गाळ ओढत तबकडी खरवडते. अशी डिस्क सुकवू नये, खोलू नये, चालू करू नये. ओली आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करावी, पिशवीवर तारीख आणि डिस्कचा मॉडेल क्रमांक लिहावा आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवावी.