भाड्याने लेन्स नेताना: पक्षी, कीटक आणि रानफुलांच्या फोटोंसाठी माहितीपत्रक

लेन्स परत येते तेव्हा बहुतेकदा एकच तक्रार सोबत असते: ‘फोटो शार्प येत नाहीत.’ दोष लेन्सचा क्वचितच निघतो. फोटो हललेला असतो, नाहीतर फोकस डोळ्याऐवजी पाठीवर बसलेला असतो. दोन्ही टाळता येतं, म्हणून हे पत्रक बॅगेत घातलं आहे.

लांबची लेन्स

४०० मिमीची लेन्स हातात धरून वापरताना शटर स्पीड (फोटो घेताना शटर उघडं राहण्याचा वेळ) निदान १/४०० सेकंद हवा. सेन्सर ३५ मिमी फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान, म्हणजे दीडपट क्रॉप असेल तर १/६००, म्हणजे डायलवर १/६४०. स्टॅबिलायझर चालू असेल तर १/१०० लाही फांदी स्वच्छ येते. तिच्यावरचा पक्षी येईलच असं नाही. स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप आवरतो, पक्ष्याची मान नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/१०००, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जलद. त्यापायी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० वर गेला तर खुशाल जाऊ द्या. त्याने येणारा नॉइज (फोटोतले दाणे) घरी कमी करता येतो, हललेल्या फोटोला इलाज नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि ॲपर्चर (लेन्समधलं भोक; एफ/८ सारखा आकडा मोठा तितकं भोक लहान) ठरवून आयएसओ ऑटोवर टाकणं सगळ्यात सोपं.

मग उरतो उजेडाचा घोळ. समोर काहीही असलं तरी कॅमेरा त्याला मध्यम करडं धरून चालतो. मागे गर्द झाडी असेल तर बगळ्याची पिसं जळून पांढरी फट्ट होतात; एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) −१ करा. उघड्या आकाशापुढचा पक्षी नुसता काळा दिसतो. तिथे +१ ते +१.५.

उन्हं तापल्यावर मोकळ्या जमिनीवरून लांबचा फोटो घेतलात तर मधली गरम हवा थरथरते आणि सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं येतं. याला ट्रायपॉड उपयोगी नाही, महागडी लेन्सही नाही. केवळ भर दुपारी लांबचे पक्षी टिपायचे म्हणून मोठी लेन्स नेणार असाल तर नेऊ नका, पैसे वाया जातील.

मॅक्रो

१०० मिमीच्या मॅक्रोवर (अगदी जवळून फोटो घेण्याची लेन्स) फोकसचं किमान अंतर ३० सेमी लिहिलेलं असतं. ते सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला आडवी रेघ मारलेलं वर्तुळ असतं, तिथून. लेन्सच्या तोंडापासून कीटकापर्यंत जेमतेम १३-१५ सेमी उरतात. हूड (लेन्सच्या तोंडावरचं उन्हाचं आवरण) लावलात तर आणखी कमी. एवढ्या जवळ तुमची सावली पडली की फुलपाखरू उडालंच. पहाटेच्या गारव्यात कीटक सुस्त असतात, तेव्हा जा.

एकास एक प्रमाणात (सेन्सरवर कीटक खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा), फुल फ्रेमवर एफ/८ ला फोकसमध्ये राहतो तो सुमारे १ मिमीचा पापुद्रा. म्हणून मिटलेले पंख सेन्सरला समांतर राहतील असं उभं राहा. जरा तिरकं झालात की अर्धा पंख धूसर. एफ/१६ ला २ मिमी मिळतात, पण या प्रमाणात लेन्स प्रत्यक्षात एफ/३२ सारखी वागते आणि बारकावे विरघळतात. एफ/८ ते एफ/११ पुरे. ऑटोफोकस इथे पुढेमागे शोधत बसतो. मॅन्युअलवर ठेवा, अंतर ठरवा, अंग किंचित पुढे झुकवत पाच-सहा फोटोंचा सलग बर्स्ट घ्या. एखाद्या फोटोत डोळा फोकसमध्ये सापडतो.

ओळख पटायची असेल तर

रानफुलाचा नुसता समोरून काढलेला सुंदर फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी. पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे दिसेल असा खोडाचा भाग, फूल बाजूने (पाकळ्यांमागची हिरवी दलं दिसायला हवीत), आणि असेल तर फळ. एका फोटोत शेजारी नाणं ठेवा. चतुर आणि टाचण्यांचा (चतुरासारखे बारीक कीटक) एक फोटो वरून, एक बाजूने, शेपटीचं टोक स्पष्ट. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू मिळाल्या तर उत्तम, पण त्यासाठी त्याला हुसकू नका.

पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर आवाज वाजवू नका. घरटं दिसलं तर मागे फिरा: पालक पक्षी दूर राहिले तर अंडी गार पडतात, आणि समोरची पानं बाजूला केलीत तर शिकाऱ्याला वाट मोकळी. दुर्मिळ वनस्पतीचा फोटो टाकण्याआधी फाइलमधलं जीपीएस (ठिकाणाची नोंद) काढून टाका.

परत आणताना

एसी गाडीतून दमट हवेत उतरलात की लेन्सवर बाष्प धरतं. बॅग अर्धा तास बंदच ठेवा. बाष्प धरलंच तर पुसू नका, आपोआप उडू द्या. काचेवर धूळ असेल तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. कोरडं कापड थेट फिरवलंत तर मातीचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. नाहीतर तशीच आणा, आम्ही साफ करू. पाण्यात पडली तर कॅमेरा चालू करून पाहू नका. बॅटरी काढा, लेन्स वेगळी करा आणि झालं ते आल्या आल्या सांगा.