खोकं उघडण्याआधी: बाल्सा लाकडाचं, रेडिओवर उडणारं छोटं विमान घरी बांधणाऱ्या ग्राहकांसाठी

खोकं उघडलंत की जळक्या लाकडाचा वास येईल. माल खराब नाही. फळ्या लेझरने कापलेल्या असतात, म्हणून प्रत्येक तुकड्याची कड तपकिरी दिसते. त्या कडेवरून बारीक पॉलिश पेपर एकदा हलकेच फिरवा, कारण करपलेल्या लाकडावर डिंक नीट धरत नाही. फक्त काजळी निघाली पाहिजे, आकार नाही.

तुकडे मात्र आत्ताच फळीतून सुटे करू नका. हा आमचा पहिला हट्ट. ज्याचं काम आहे तोच तुकडा त्या दिवशी काढा. सगळ्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, एकदम मोकळ्या करून ताटात ठेवल्या की तिसरी कुठली आणि चौथी कुठली, हे आम्हालाही सांगता येत नाही.

या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १४०० मि.मी. आणि रुंदीला २२० मि.मी. आहेत. मोटर-बॅटरीसकट ते १२०० ग्रॅमच्या आसपास भरतं. पंख वर आणि धड खाली, म्हणजे नवशिक्याला सांभाळून घेणारी जात. रेडिओवर उडतं. दुकानात आठवड्याला एक तरी जण विचारतो, "यात माणूस बसतो का हो?" नाही बसत. माणूस बसेल अशा विमानांची किट अमेरिकेत मिळतात, आणि तिथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी तर किटसुद्धा न घेता कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं आणि २०१७ मध्ये डीजीसीए या केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाकडून त्याची नोंदणी मिळवली. आमचं खोकं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण पंख सरळ का हवा आणि वजन कुठे हवं, हे त्या विमानाला जसं लागू तसंच याला.

लाकडाबद्दल थोडं

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो. झाड भराभर वाढतं, त्यामुळे लाकूड पोकळ आणि हलकं. आमच्या फळ्या घनमीटरला साधारण १५० किलोच्या आहेत. त्याच मापाची सागाची फळी चौपट भरेल. भाव विचारून नाराज होणाऱ्यांसाठी सांगतो, पवनचक्कीच्या पात्यांच्या गाभ्यातही हाच बाल्सा भरतात. २०२० मध्ये ती मागणी भडकली आणि आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांना फळ्या मिळेनाशा झाल्या.

एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून आम्ही प्रत्येक फळी काट्यावर ठेवून वेगळी करतो. जड आणि चिवट फळी पंखाच्या स्पारला, म्हणजे पंखभर जाणाऱ्या मुख्य कण्याला, सगळ्यात हलकी शेपटीला. तुकडा मोडला आणि घरात दुसरी बाल्साची फळी पडलेली असली, तरी शेपटीला ती लावण्याआधी तोलून बघा. मोटरपेक्षा शेपूट तोलबिंदूपासून (जिथे विमान बोटांवर तोलून राहतं तिथून) जवळजवळ तिप्पट लांब आहे. तिथे १० ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात ३० ग्रॅम शिसं घालावं लागतं, म्हणजे विमान ४० ग्रॅमनी जड झालं. शेपटीवर डिंकाचे ओघळ सोडणाऱ्यांनी हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवावा.

टेबल सपाट आहे का, ते आधी बघा

विमान कसं उडेल हे मैदानात ठरत नाही, ज्या फळीवर ते बांधलं तिथे ठरतं. हे आम्ही स्वतःच्या खर्चाने शिकलो. या किटचा पहिला नमुना आम्ही वर्कशॉपमधल्या जुन्या फ्लश डोअरवर बांधला. दार पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, त्याला पीळ बसला होता आणि कुणी पाहिलं नाही. डाव्या पंखाच्या टोकाला मागची कड ४ मि.मी. वर आली. हातात धरून दिसतसुद्धा नव्हतं. विमान उडालं आणि लगेच डावीकडे कलू लागलं. रेडिओची काठी उजवीकडे पूर्ण दाबून दीड मिनिट कसंबसं सांभाळलं, मग वेग कमी झाला आणि ते शेजारच्या द्राक्षाच्या मांडवात गेलं. मांडवाच्या तारेने पंखाचे सरळ दोन भाग केले. बागवाल्यांनी दोन्ही भाग आणून दिले, आणि वर चहाही पाजला.

तर दोरा घ्या. टेबलाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर तसाच. मध्ये दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला ढकलू लागला, तर पृष्ठभागाला पीळ आहे. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा बहुतेक वेळा सपाट असतो, पण त्यात टाचणी जात नाही आणि घरचे तो तीन आठवडे देणारही नाहीत. कॅरम बोर्ड सगळ्यांना आधी सुचतो. आपला अर्धा पंख ७०० मि.मी.चा असल्यामुळे त्यावर बरोबर मावतो. त्यावर सॉफ्टबोर्ड टाकला की टाचण्याही बसतात. बोरिक पावडर मात्र आधी पूर्ण पुसून घ्या, डिंकात ती गेली की सांधा सुटतो.

सॉफ्टबोर्डवर खोक्यातला बांधणीचा नकाशा पसरा, त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ताणून चिकटपट्टीने बसवा. फिल्म विसरलात तर पंख नकाशासकट उचलावा लागेल. रिब उभ्या करताना प्रत्येकीला गुण्या लावा. डोळ्याने काटकोन ओळखता येतो असं वाटतं, पण सहावी रिब लावेपर्यंत डोळा थकतो.

दोन्ही अर्धे पंख तयार झाले की ते मध्ये जोडताना एक अर्धा टेबलावर पुस्तकांच्या वजनाखाली सपाट ठेवायचा आणि दुसऱ्याचं टोक ७३ मि.मी. वर उचलायचं. त्यासाठी खोक्यात प्लायचा ठोकळा दिला आहे, त्यावर उंची छापलेली आहे. वर झुकलेल्या पंखांमुळेच विमान कललं तरी आपोआप सरळ व्हायला बघतं. दिसायला बरं वाटत नाही म्हणून एका ग्राहकाने पंख सपाट जोडला होता. त्याचं विमान उडालं, पण त्याला एक क्षणही हात सोडता येईना.

डिंक

तीन प्रकारचे लागतात. पांढरा फेविकॉल लाकडाला लाकूड जोडायला. तो रात्रभर सुकू द्या, घाई करणाऱ्यांना आम्ही हाच देतो. दुसरा सीए, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा, टाचणीने धरून ठेवलेले तुकडे टिपायला. तिसरा अर्ध्या तासात धरणारा इपॉक्सी. मोटर जिच्यावर बसते ती फायरवॉल आणि दोन पंखांमधला प्लायचा जोड, या दोनच जागी तो लागतो, पण तिथे दुसरं काही चालत नाही.

सीए हवेतल्या दमटपणाने धरतो. म्हणून कोकणातल्या ग्राहकांचे फोन येतात की बाटलीच्या तोंडातच डिंक दगड झाला. जुलैमध्ये बाटली घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. सीए सांडला तर सुती फडक्याने पुसू नका. सुतावर तो इतका तापतो की हात भाजतो, कधी धूरही निघतो. बोटं चिकटली तर नेलपॉलिश रिमूव्हर लावा, ओढाताण करू नका. खिडकी उघडी हवी, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

पावसाळ्यात लाकूडही फुगतं. शक्य असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. नसेल, तर कापलेले तुकडे रात्री प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि बांधलेला पंख टेबलावरच वजनाखाली राहू द्या.

'फायरवॉल वाकडी आहे' असा फोन करण्याआधी

ती वाकडीच दिली आहे. मोटर बसवल्यावर विमानामागे उभं राहून बघा, मोटरचं तोंड उजवीकडे सुमारे २ अंश आणि खाली तेवढंच झुकलेलं दिसेल. मागून पाहिलं तर प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा, उजवीकडे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा धडाभोवती पिळत जाऊन उभ्या शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळते आणि नाक डावीकडे वळवते. मोटर थोडी उजवीकडे ठेवली की हिशोब मिटतो. दरवर्षी एखादा नेटका माणूस वॉशर घालून ती सरळ करतो आणि मग विमान डावीकडे ओढतं म्हणून तक्रार करतो. कृपया सरळ करू नका.

फिल्म चढवणं

सांगाड्यावर चढवायची रंगीत फिल्म इस्त्रीने चिकटते. घरची जुनी हलकी इस्त्री चालेल, पण वाफेची नको. आधी टाकाऊ तुकड्यावर किती उष्णता पुरते ते बघून ठेवा. कडा पहिल्यांदा चिकटवा आणि मग मधला भाग तापवून ताणा. वरची बाजू थोडी, खालची थोडी, पुन्हा वरची. एकच बाजू पूर्ण ताणली तर फिल्म पंखाला धनुष्यासारखं वाकवते. आणि पीळ राहिलाच असेल तर इथे शेवटची संधी आहे: दुसऱ्या माणसाने पंख उलट्या बाजूला पिळून धरायचा, तुम्ही फिल्म तापवायची, आणि थंड होईपर्यंत त्याने सोडायचं नाही. त्या द्राक्षाच्या मांडवानंतर बांधलेल्या पंखातला थोडासा पीळ आम्ही असाच काढला.

तोल आणि वायरिंग

पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे ६० ते ६६ मि.मी. या पट्ट्यात दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा. बॅटरी जागेवर बांधून त्या खुणांखाली एकेक बोट लावून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. तरी भागलं नाही तर नाकात शिसं घाला, पण उडवू नका. शेपूट जड झालेलं विमान काठी हलवली की उड्या मारतं, आणि नवशिक्याचे हात तितके जलद नसतात.

सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरा) आणि रिसिव्हर (रेडिओचा संदेश घेणारी डबी) जोडताना प्रॉप काढून ठेवा. मिक्सर चालू असताना आपण भांड्यात बोट घालत नाही. ही मोटर १० इंचाचं पातं त्याच तडफेने फिरवते आणि रेडिओच्या एका चुकीच्या बटणाने सुरू होते. आधी रेडिओ चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट.

आता विमानामागे उभं राहून काठी उजवीकडे दाबा. उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलणारी पट्टी, वर आलं पाहिजे. बहुतेकांना ते उलट वाटतं. उलटं जोडलेलं एलेरॉन घेऊन उडालेलं विमान जितकं सावराल तितकं जास्त कलतं. मैदानात पोहोचल्यावर, प्रत्येक उड्डाणाआधी, हे पुन्हा बघा.

बॅटरी आम्ही खोक्यात देत नाही. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) घ्या. २.२ अँपिअरच्या वर चार्ज करू नका, आणि चार्ज होत असताना ती फरशीवर ठेवा, गादीवर किंवा सोफ्यावर कधीच नको. उडवायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून कपाटात ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी महिनाभर पडून राहिली की फुगते. एका चार्जमध्ये आठेक मिनिटं उडवा आणि थोडा जीव शिल्लक असतानाच उतरवा.

कुठे उडवायचं

२०२१ च्या ड्रोन नियमावलीत मॉडेल विमानाची वेगळी व्याख्या आहे: २५ किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, आणि नजरेच्या टप्प्यात उडणारं. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीच्या सरकारी मान्यतेचा दाखला, लागत नाही. पण आकाशाचे हिरवे (मोकळे), पिवळे (परवानगी लागणारे) आणि लाल (मनाईचे) पट्टे यालाही लागू आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते तपासा आणि मगच निघा. आमच्या नाशिकचंच बघा. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचं विमानतळ, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, देवळालीला तोफखाना. घराजवळचं मोकळं मैदान बहुतेक वेळा चालत नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटच्या विमानांवर बंदीचे हुकूम काढतात, त्या काळात तर प्रश्नच नाही. कापणी झालेलं रान, मालकाची परवानगी आणि सकाळी सातची स्थिर हवा, हे तिन्ही जमलं की निघा. पहिलं उड्डाण जाणत्याच्या हातून करवा. पंधरा दिवस संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवला असेल तर दुसरं तुमचं तुम्ही करू शकाल.

मोडतोड झाली तर

होईलच. रिबचे सगळे आकार नकाशाच्या उजव्या कडेला खऱ्या मापात छापलेले आहेत, ते ट्रेस करून ३ मि.मी. बाल्सातून कटरने कापता येतात. जमलं नाही तर रिबवरचा क्रमांक कळवा, एकेक रिबही आम्ही पाठवतो. क्रमांक कळत नसेल तर पंखाच्या मुळापासून मोजा. टोकाकडून मोजून पाच नंबरची मागितलेली रिब गेल्या वर्षी दोनदा परत आली.