पंधरा-सहाशे-सहा की सहाशे-सोळा?

"सहाशेचा टायर आहे का?"
"आहे की. या."

फोनवर एवढंच बोलून मी पसरणीचा घाट उतरलो आणि साताऱ्याला गेलो. पाचगणीच्या ज्या शाळेचं मैदान मी सांभाळतो, तिथल्या बसून चालवायच्या ग्रास कटरचा पुढचा टायर कडेनं फाटला होता आणि मृग तोंडावर आला होता. दुकानदारानं आतून टायर लोटत आणला, तो तीन रेघांचा, ट्रॅक्टरचा. "दादा, ट्रॅक्टर कुठला तुमचा?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्या भागात 'सहाशे-सोळा' म्हणजे ट्रॅक्टरचा पुढचा टायर, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यावर छापलेलं असतं ६.००-१६. माझ्या मशीनच्या टायरवर आहे १५×६.००-६. दोन्हींतलं 'सहाशे' म्हणजे ६ इंच रुंदी, तेवढं सारखं. घोटाळा बाकीच्या आकड्यांत आहे.

ट्रॅक्टरच्या टायरवर आधी रुंदी, मग रिम. उंची लिहीतच नाहीत. ती साधारण २९ इंच भरते. ग्रास कटरच्या टायरवर पहिला आकडा असतो अख्ख्या टायरच्या उंचीचा, मधला रुंदीचा, शेवटचा रिमचा. म्हणजे माझा टायर १५ इंच उंच आणि रिम ६ची. ट्रॅक्टरची नुसती रिमच १६ इंचांची, माझ्या हवा भरलेल्या टायरपेक्षा मोठी! मागच्या चाकाचंही तसंच. ग्रास कटरला २०×८.००-८, तर द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला ८.००-१८. म्हणून दुकानात तिन्ही आकडे सांगा, आणि पहिला उंचीचा आहे हेही सांगा.

आकडे झिजले असतील तर रिम मोजावी लागते, आणि तिथंच फसायला होतं. टेप रिमच्या बाहेरच्या ओठाला लावला तर ८ची रिम ९च्या वर दिसते. टायरची कड जिथं बसते, तिथलं माप धरायचं.

"मागं रिक्षाचा टायर टाका, त्याचीही रिम ८च आहे," असाही सल्ला मिळाला. रिक्षाचा टायर ४.००-८. रिमचा घेर जुळतो, पण रुंदी निम्मी. रुंद रिमवर त्याच्या दोन्ही कडा धड बसतच नाहीत.

नक्षीचा फरक मला मापाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरच्या उभ्या रेघा नांगरटीत दिशा धरायला असतात, मागच्या टायरचे उंच गट्टू मातीत रुतून ओढायला. हिरवळीवर रुतणं हेच नुकसान. पावसात भिजलेल्या आमच्या तांबड्या मातीवर गट्टूचा टायर एकदा फिरला की चरे पुढच्या सुट्टीपर्यंत दिसतात. ग्रास कटरचा टायर रुंद, मऊ, उथळ चौकटींचा असतो, वजन पसरवून टाकणारा. म्हणूनच त्यात हवाही कमी: बऱ्याच मशीनला पुढं १४, मागं १० पीएसआय. पंक्चरवाला सवयीनं ३० भरतो, त्याला आधीच थांबवायचं.

मागचे टायर शक्यतो जोडीनं बदला. एक नवा, एक झिजलेला असेल तर मशीन एका अंगाला कलतं, पात्यांचा डबा तिरका होतो आणि गवत एका बाजूला उंच राहतं.

माझा टायर शेवटी मागवूनच घ्यावा लागला. वाईच्या पंक्चरवाल्यानं जुना हातानं, दोन टॉमींनी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्यांनी) काढला. नवा ट्यूबलेस बसवताना हवा कडेनं सुटत राहिली. मग त्यानं टायरच्या मधोमध जाड दोरी गुंडाळली, त्यात पाना अडकवून पिळली आणि कडांना साबणाचं पाणी लावलं. टायर दबला, कडा रिमकडं सरकल्या. त्यानं हवा भरली, दोरी ढिली केली आणि 'फट्, फट्' असे दोन आवाज आले. बसला.