झाडाला टेकवलेली विंचेस्टर आणि तिची नवी भावंडं

नोव्हेंबर २०१४ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ग्रेट बेसिन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या पुरातत्त्वज्ञ जुन्या वावराच्या खुणा शोधत फिरत असताना एका जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली रायफल दिसली. दस्त्याचं लाकूड ऊन-बर्फाने राखाडी होऊन झाडाच्या सालीत मिसळून गेलेलं, टोक काही इंच मातीत रुतलेलं, नळीवर गंजाचा थर. कुणीतरी क्षणभर टेकवली असावी आणि परत आलंच नसावं.

रायफल होती विंचेस्टर या अमेरिकन कंपनीची मॉडेल १८७३. अनुक्रमांक अजून वाचता येत होता. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत पाहिल्यावर निर्मितीचं वर्ष कळलं, १८८२. त्या एका वर्षात कारखान्यातून अशा २५ हजारांवर रायफली बाहेर पडल्या होत्या. सुरुवातीला ५० डॉलर असलेली किंमत तोवर २५ डॉलरवर उतरली होती. म्हणजे हे काही सरदार-दरकदारांचं हत्यार नव्हे. गुराखी, खाणकामगार, शेतकरी अशा कुणाच्याही खांद्यावर ही दिसायची.

हीच रायफल आज नवीकोरी विकत मिळते. गंमत अशी की ती अमेरिकेत घडत नाही. विंचेस्टर हे नाव कोरलेली १८७३ येते जपानच्या कोची प्रांतातल्या मिरोकू कारखान्यातून, २०१३ पासून. दुसरी येते उत्तर इटलीतल्या ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रोम्पिया या गावातून. त्या खोऱ्यात लोहारकी आणि नळ्या घडवण्याचं काम पाच शतकं तरी चालू आहे. बंदुका घडवणाऱ्या बेरेटा घराण्याची तिथली सर्वात जुनी नोंद १५२६ ची. याच गावात १९५९ मध्ये आल्दो उबेर्ती यांनी जुन्या अमेरिकन हत्यारांच्या प्रतिकृती करायला सुरुवात केली. अमेरिकी यादवी युद्धाची (१८६१-६५) शताब्दी तोंडावर आली होती आणि लोकांना आजोबा-पणजोबांच्या हातातली पिस्तुलं हवी होती. मग पिस्तुलांच्या मागोमाग रायफलीही आल्या.

जुनी आणि नवी शेजारी ठेवली तर सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही. फरक आहे, पण तो डोळ्यांना दिसणाऱ्या ठिकाणी फारसा नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. चापाखाली जो कडीसारखा दांडा असतो तो म्हणजे शाळेत शिकलेली साधी तरफ. ती खाली ओढली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे सरकतो, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, घोडा मागे चढतो आणि पितळी ठोकळा लिफ्टसारखा नवं काडतूस वर उचलून आणतो. तरफ वर घेतली की बोल्ट ते काडतूस नळीत ढकलतो. दोन हालचाली आणि बंदूक पुन्हा तयार. ठासणीच्या बंदुकीत दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, ठिणगी देणारी टोपी बसवा, असा सगळा सोपस्कार असायचा. त्याच्या तुलनेत हा वेग जादूसारखा वाटला असणार.

खरी मेख मात्र पुढे आहे. गोळी सुटते तेव्हा दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो तितक्याच जोराने पुंगळीला मागे ढकलतो. बोल्ट त्या क्षणी जागचा हलता कामा नये. बेंजामिन टायलर हेन्री यांच्या १८६० च्या रायफलीत, आणि तिच्यावरून आलेल्या १८६६ व १८७३ च्या विंचेस्टरमध्ये, हे काम गुडघ्यासारखा एक सांधा करतो. बोल्टच्या मागे दोन दुवे मधोमध खिळीने जोडलेले असतात. तरफ बंद असताना ते सरळ रेषेत येतात. आपण पाय ताठ करून उभे राहतो तेव्हा स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही, वजन हाडांवरून सरळ जमिनीत जातं. गुडघा जरा वाकवा आणि मांड्या लगेच थरथरायला लागतात. तसंच इथे. सांधा सरळ असेतो धक्का दुव्यांमधून मागे बंदुकीच्या चौकटीत (यंत्राच्या धातूच्या सांगाड्यात) जातो, तरफेवरच्या बोटांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पण गुडघा म्हटला की त्याला मर्यादा आल्या. सगळा भार शेवटी बारीक खिळींवर येतो. बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी विंचेस्टरच्या १८८६ च्या आणि मग छोट्या १८९२ च्या मॉडेलसाठी गुडघा टाकून दिला आणि दोन उभ्या पट्ट्या घेतल्या. तरफ बंद झाली की त्या खालून वर सरकून बोल्ट आणि चौकट यांच्या खाचांमध्ये बसतात. जुन्या वाड्याच्या दाराला अडसर लावतात त्यातला प्रकार, फक्त उभा आणि दोन्ही बाजूंनी. अडसर मोडल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणून आज ज्यांना जोरकस काडतुसं वापरायची आहेत ते १८९२ च्या प्रतिकृतीकडे वळतात.

मूळ १८७३ जन्मली ती .४४-४० या काडतुसासाठी. यातला .४४ म्हणजे नळीचा ढोबळ व्यास इंचांत, आणि ४० हा आकडा ग्रेन या जुन्या वजनाचा, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम काळी दारू. गोळी २०० ग्रेनची, जवळपास १३ ग्रॅम. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, तो धूर आणि काजळी होऊन उरतो. त्यामुळे दाब बेताचाच. आजच्या अमेरिकी मानकांप्रमाणे .४४-४० ची कमाल मर्यादा चौरस इंचाला सुमारे ११,००० पौंड आहे. आता प्रतिकृतींच्या दुकानात बघा. तीच १८७३ मिळते .३५७ मॅग्नम या काडतुसासाठी. ते काडतूस १९३५ सालचं, बिनधुराच्या दारूचं, आणि त्याचा दाब ३५,००० पौंडांपर्यंत जातो. तिपटीहून जास्त!

मग गुडघा मोडत नाही? इथे शाळेतलं एक समीकरण कामी येतं. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. .३५७ ची पुंगळी बारीक आहे, तळाशी साधारण ९.६ मिलिमीटर. .४४-४० ची १२ च्या आसपास. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणून दाब तिप्पट असूनही बोल्टवरचा मागचा धक्का दुपटीच्या थोडा वर राहतो. तरी दुप्पट म्हणजे दुप्पटच. तो झेलतं नवं पोलाद. मूळ १८७३ च्या सुरुवातीच्या चौकटी घडाई लोखंडाच्या होत्या, पोलाद त्यानंतर आलं. आजच्या चौकटी मिश्रधातूच्या पोलादाच्या असतात, ज्याची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेने हवी तशी जुळवता येते. म्हणून एक गोष्ट खडसावून सांगायला हवी. आजच्या प्रतिकृतीसाठी भरलेलं काडतूस जुन्या बंदुकीत बसतं, म्हणून ते तिच्यात उडवावं असा त्याचा अर्थ होत नाही. आजोबांना नातवाची धाव धावायला लावू नये.

आणखी मजेदार प्रकरण .४५ कोल्टचं. आज लिव्हर-ॲक्शन, म्हणजे तरफेच्या, प्रतिकृतींत हे काडतूस भलतंच लोकप्रिय आहे, आणि सिनेमातल्या काउबॉयची रायफल म्हणून खपतंही. पण एकोणिसाव्या शतकात एकही विंचेस्टर त्यासाठी बनली नव्हती. कारण साधं आहे. त्या काळच्या .४५ कोल्टच्या पुंगळीची तळाशी बाहेर आलेली कड अगदी नाममात्र होती. रिव्हॉल्व्हरला त्याने फरक पडत नाही, तिथे पुंगळी दांडीने आतून ढकलून काढतात. रायफलीच्या बोल्टवरच्या आकडीला मात्र पकडायला काहीतरी लागतं. आजच्या पुंगळीला कडेच्या पुढे खाच कापलेली असते, म्हणून ती पकड आज मिळते.

पकड मिळाली तरी .४५ कोल्ट एक खोड काढतंच. .४४-४० ची पुंगळी तोंडाशी निमुळती आणि पातळ. दाब येताच ती फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायूची वाट बंद करते. .४५ कोल्टची पुंगळी सरळ आणि जाड; कमी दाबाच्या भारात ती पुरेशी फुगत नाही. मग काजळी कडेकडेने मागे येते आणि यंत्रात जाऊन बसते. आजही काळी दारू वापरून नेमबाजी करणारे हौशी .४४-४० लाच धरून राहतात ते यामुळे. दीडशे वर्षांपूर्वी कुणी तरी ती पुंगळी पातळ ठेवली, आणि तिचा फायदा काजळीचा दिवस आला की अजून कळतो.

नळीतही बारीक तफावत आहे. गोळीला फिरवण्यासाठी नळीत आतून खाचा असतात. मूळ .४४-४० च्या नळीतल्या या खाचांचा व्यास ०.४२७ इंच धरलेला. आजच्या कित्येक नळ्या ०.४२९ च्या, कारण .४४ मॅग्नम या आधुनिक काडतुसाच्या नळीसाठी लागणारी अवजारं तीच असतात आणि एकाच मापात दोन कामं होतात. फरक ०.०५ मिलिमीटर, डोक्याच्या केसाहून कमी. पण सैल गोळी नळीत नीट फिरत नाही, आणि फिरली नाही तर नेमका वेध नाही. म्हणून जुन्या मापाची गोळी नव्या नळीत घालून निशाणा चुकला की प्रतिकृतीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी बारीक मापं घ्यायचा कॅलिपर हातात घ्यावा.

हेन्री १८६० ची प्रतिकृती तर मुळातच तडजोड आहे. मूळ .४४ हेन्री काडतुसात स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असे. अशी काडतुसं १९३० च्या दशकात बंद झाली. आता बंदूक करायची तर काडतूस कुठून आणणार? म्हणून प्रतिकृती .४४-४० किंवा .४५ कोल्टसाठी करतात, ही दोन्ही लांब असल्यामुळे चौकटही थोडी लांबवावी लागते. मूळ हेन्रीत नळीखालच्या नळकांड्यात १६ काडतुसं मावायची, नव्यात १३ च्या आसपास. आतला आणखी एक बदल म्हणजे, कडेच्या मसाल्यावर हमखास ठिणगी पडावी म्हणून मूळ बंदुकीच्या बोल्टला दोन टोकं असत, समोरासमोर दोन ठोके मारणारी. नव्या काडतुसाचा मसाला मधोमध असल्याने एक टोक पुरतं.

हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण याच दोन ठोक्यांनी इतिहासाला साक्ष दिली आहे. २५ जून १८७६ रोजी मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकन जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सैन्यातल्या लेफ्टनंट कर्नल कस्टर यांच्या तुकडीचा पाडाव केला. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड बंदुका होत्या. १९८३ मध्ये त्या रणभूमीवरचं गवत वणव्यात जळलं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधकांनी ती पिंजून काढली. मिळालेल्या पुंगळ्यांवरच्या ठोक्यांच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कोणती पुंगळी कोणत्या बंदुकीतून सुटली हे जुळवता आलं. कडेला दोन ठोके म्हणजे हेन्री किंवा १८६६. एकेका बंदुकीचा माग काढत ती लढाईत कुठून कुठे सरकली हेही समजलं. अशा पुंगळ्यांनी स्पष्ट केलं की योद्ध्यांकडे तरफेच्या, भराभर झाडता येणाऱ्या बंदुका पुष्कळ होत्या. उद्या एखाद्या नव्या हेन्रीच्या पुंगळ्या कुणी तिथे टाकून दिल्या, तर अभ्यासकाला पहिल्या नजरेतच खोट कळेल.

रंगरूपाकडे आलो की मात्र प्रतिकृती जुनीलाही मागे टाकते. बहुतेक इटालियन १८७३ च्या चौकटीवर निळे-जांभळे-तपकिरी ढग उमटलेले असतात, पावसाळी रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे. कारणही तेच: पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात. जुन्या पद्धतीत भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून लालबुंद तापवत आणि पाण्यात सोडत. कार्बन पृष्ठभागात शिरून तो कठीण होई आणि रंग हा जोडीचा लाभ. पण मूळ १८७३ च्या चौकटी सहसा निळसर-काळ्याच असत. रंगीत चौकट मागणीनुसार मिळे. गिऱ्हाइकाला आज जुनं म्हणजे रंगीबेरंगी हवं असतं, म्हणून प्रतिकृती अपवादालाच नियम करते. सिनेमावाल्यांनी तर याहून पुढचं पाऊल टाकलं होतं. जुन्या हॉलिवूडने १८९२ च्या रायफलीचं पुढचं लाकूड काढून ती हेन्री म्हणून पडद्यावर खपवली, म्हणजे यादवी युद्धाच्या काळात ३० वर्षं पुढची बंदूक!

जपानी १८९२ वर मागे अंगठ्याने सरकवायची सुरक्षा खिट्टी असते, मूळ बंदुकीवर नव्हती. जुने शौकीन तिला वकिलांची खिट्टी म्हणून नाकं मुरडतात. मला त्यांची चीड कळते, पण घोडा अर्धा मागे ओढून खाचेत अडकवून डोंगर चढणाऱ्या माणसाच्या हातून खाली पडलेली बंदूक कशी सुटते याचा विचार केला की खिट्टीच बरी वाटते.

एक गोष्ट मात्र अजून मूळचीच चालली आहे, आणि ती अनपेक्षित ठिकाणी. काउबॉय धाटणीच्या नेमबाजी स्पर्धांत घड्याळाशी शर्यत असते. तिथे खेळाडू मजबूत १८९२ सोडून कमजोर समजला जाणारा १८७३ चा गुडघा निवडतात. कारण तो मऊ चालतो आणि दुव्यांची लांबी बदलली की तरफेचा फेरा कमी करता येतो. तरफेचा नियम इथेही हिशेब मागतोच: अंतर कमी केलं की जोर जास्त लागतो. पण हलक्या भाराच्या काडतुसांना तो जोर सोसतो.

ग्रेट बेसिनच्या रायफलीवर कोडीच्या संग्रहालयात उपचार झाले. गंज घासला नाही, लाकूड पॉलिश केलं नाही, सुटलेले पापुद्रे फक्त चिकटवून जागेवर ठेवले. उपचारांआधी तिची रुग्णालयात क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा दस्त्याच्या पोकळीत काहीतरी दिसलं. काढल्यावर एक काडतूस निघालं: .४४-४०, युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचं, १८८७ ते १९११ या काळातलं. म्हणजे १८८२ मध्ये जन्मलेल्या बंदुकीत कुणीतरी निदान पाच वर्षांनी ते ठेवलं होतं. आज गार्दोनेहून येणाऱ्या .४४-४० च्या नळीतही ते काडतूस आरामात बसेल.