कापडाला कात्री लागते तेव्हा: गोव्यातल्या शिवणकामामागचा इतिहास

गोव्यात शेतात राबणाऱ्या कुणबी-गावडा बायकांचं लुगडं बिनशिलाईचं. जाड सुती, लालसर, चौकड्यांचं. पोटऱ्यांच्या वर खोचलेलं आणि खांद्यावर गाठ मारलेलं. पेडण्या-सत्तरीकडच्या नऊवारीलाही कात्री लागत नसे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड केवळ निऱ्या, कासोटा आणि खोचा यांच्या जोरावर अंगावर टिकतं. अशा वस्त्राला मापाची चूक नसते. कापड आटलं तर निऱ्या एकीने कमी होतात, अंग भरलं तर एक निरी सुटते. चिखलात वाकताना जिथे ताण पडतो तिथलं कापड जागचं सरकतं आणि ताण वाटून घेतं.

कापडाच्या वागणुकीचा पहिला धडा या चौकड्यांतच आहे. गाठीपासून छातीवर तिरक्या आलेल्या भागाकडे नीट पाहिलं, तर तिथला प्रत्येक चौकोन शंकरपाळ्यासारखा झालेला दिसतो. ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही जवळजवळ ताणत नाहीत, पण त्यांच्यातला काटकोन मोडतो. शिंपी ज्याला उरेब म्हणतात ती हीच दिशा, ताण्याशी ४५ अंशांची. साधं सुती कापड उभं-आडवं ओढलं तर जेमतेम देतं, उरेबात ओढलं तर सहज लांबतं. हा कोन किती सहज मोडतो ते पुढे प्रयोगशाळांनी यंत्रावर मोजलं. चौकडीच्या लुगड्यात ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

कापून शिवलेले कपडे आपल्याकडे होतेच. बाराबंदी आणि अंगरखा सरळ पट्ट्या, कळ्या आणि चौबगला यांच्या जोडणीतून होत. चौबगला म्हणजे काखेत बसवलेला छोटा चौकोन. हात वर केला की ओढ त्याच्या कर्णावर येते, म्हणजे उरेबात, आणि तेवढाच भाग लांबून हाताला वाट करून देतो. शिवाय सगळे तुकडे सरळ कडांचे असल्याने कापड वाया जात नाही. ही रचना फार हुशारीची आहे आणि आजच्या शिवणवर्गांत तिला मिळते त्याहून जास्त जागा मिळायला हवी. गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, कापून त्यात फुगीर डोक्याची बाही बसवायची ही युरोपी रीत वेगळ्या विचाराची. तीत कापड शरीराच्या आकाराला वळवायचं असतं, आणि त्यासाठी ते किती वळेल हे आधी ठाऊक असावं लागतं.

ही रीत गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आली. १५१० नंतर तिसवाडीत आणि पुढे बार्देश-साष्टीत ती रुजली. नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेला मुलूख, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आल्या, त्यामुळे तिथे जुना पेहराव बराच टिकला. पेहरावावर सक्तीही झाली. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने बाटलेल्या घरांतल्या पुरुषांना पुडवें (धोतर) आणि बायकांना चोळी वापरायला बंदी केली. तरी जुनं सगळं गेलं नाही. मांडो या गोव्यातल्या गाण्या-नाचात दिसणारा पानो बाजू हा बायकांचा पोशाख पाहावा. खाली गुंडाळायचा पानो, वर शिवलेला बाजू. गुंडाळण्याची आणि शिवण्याची, दोन्ही परंपरा एकाच अंगावर नांदतात.

शिंप्याच्या भाषेत हा इतिहास अजून जिवंत आहे. बटणाचं काज हे पोर्तुगीज ‘काझा’वरून आलं, म्हणजे घर. फीत ‘फिता’वरून, साया ‘साया’वरूनच, आणि कपड्यांची इस्त्री ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे या क्रियापदावरून. शेवटचा शब्द नेमका आहे. ओल आणि उष्णता मिळाली की सुती धागा मऊ पडतो, दाबाखाली सपाट होतो आणि कोरडा होताना तो नवा आकार धरून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टींनी घडी बदलली. पहिली शिलाई मशीन: इलायस हाऊचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. दुसरी, एबेनेझर बटरिक यांनी १८६३ पासून विकायला आणलेले वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न. माणूस समोर उभा नसतानाही त्याचा कपडा बेतता येऊ लागला. मशीनने वेगाबरोबर नवं दुखणंही आणलं, ते म्हणजे शिवणीवरच्या चुण्या. खालचे दाते तळचा पदर पुढे ढकलतात, वरचं पाऊल वरच्या पदराला घासून मागे ठेवतं, आणि फूटभर शिवणीत दोन पदरांत काही मिलिमीटरांचा फरक पडतो. दोऱ्याचा ताण जास्त असेल तर तो दोरा मशीनवरून सुटल्यावर आखडतो आणि कापड गोळा करतो. दाट विणीच्या पातळ कापडात तर नुसता दोरा घुसल्यानेही धागे बाजूला रेटले जातात. तिन्ही कारणांवर उपाय वेगळे. पहिल्यात पावलाचा दाब कमी करायचा, दुसऱ्यात दोन्ही दोऱ्यांचे ताण सैल करायचे, तिसऱ्यात ९० ऐवजी ६५ किंवा ७० नंबरची सुई, बारीक दोरा आणि इंचाला १२ ऐवजी ९-१० टाके. कारण न ओळखता नुसता ताण फिरवत बसलं की तास वाया जातो.

कापड बोटांत चुरून ‘अंगाला बसेल’ की ‘उभं राहील’ हे सांगण्याची शिंप्याची रीत आकड्यांत आणण्याचा पहिला पक्का प्रयत्न मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये एफ. टी. पिअर्स यांनी केला. त्यांचा निबंध १९३० चा. प्रयोग इतका साधा आहे की तो घरी करून पाहावाच. २.५ सेंमी रुंद आणि २० सेंमी लांब पट्ट्या कापायच्या, तीन ताण्याच्या दिशेने, तीन बाण्याच्या. पुठ्ठ्याचा उतार करायचा, आडव्यापासून ४१.५ अंश खाली जाणारा. पट्टी कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची आणि तिचं टोक वाकून उताराला टेकलं की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीचा अर्धा म्हणजे त्या कापडाची वाकलांबी, ४१.५ हा कोन नेमका अर्ध्याचा हिशोब जुळावा म्हणूनच निवडला आहे. कडकपणा मात्र वाकलांबीच्या घनाने वाढतो. एकाच वजनाच्या दोन कापडांत एकाची वाकलांबी २ सेंमी आणि दुसऱ्याची ४ असेल, तर दुसरं दुप्पट नव्हे, आठपट कडक असतं. बोटांना वाटणारा फरक आणि घेरात दिसणारा फरक यांचा मेळ का बसत नाही, ते इथे कळतं.

याच सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड आधीच दाबून आटवण्याची पद्धत काढली. ‘सॅनफोराइज्ड’ शिक्का तिचाच. झोळ किंवा घेर मोजायला १९६० च्या दशकात क्यूसिक यांनी उपकरण सुधारलं: १८ सेंमीच्या तबकडीवर ३० सेंमीचं गोल कापड ठेवायचं आणि लोंबणाऱ्या भागाची सावली मोजायची. सावली जेवढी मोठी, तेवढं कापड ताठ. पुढे क्योटोच्या सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात जपानी कापडतज्ज्ञांच्या हातांचा निवाडा १६ गुणांच्या मोजमापाशी जोडला. २० सेंमी चौरस नमुना ओढून, तिरका करून, वाकवून, दाबून आणि घासून त्याची वागणूक टिपली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने १९८० च्या दशकात फास्ट नावाची सोपी आवृत्ती आणली. तिचा प्रश्न थेट कारखान्यातला होता: हे कापड शिवताना त्रास देईल का? जॅकेटच्या बाहीचा घेर मुंढ्याहून काही सेंटिमीटर जास्त असतो. कमी ताणल्या जाणाऱ्या कापडात तो जादा घेर मुरत नाही आणि खांद्यावर चुण्या येतात. चाचणी ते कापण्याआधीच सांगते.

भारतात असं संशोधन गिरण्यांच्या आधाराने वाढलं. अहमदाबादची अटिरा ही वस्त्रसंशोधन संस्था १९४७ ची, तिच्या उभारणीत विक्रम साराभाई होते. मुंबईची तशीच संस्था, बीटीआरए, १९५४ ची. कपडे-उत्पादनाच्या शिक्षणाची राष्ट्रीय संस्था, निफ्ट, १९८६ मध्ये दिल्लीत उभी राहिली.

गोव्यापुरता मोठा मुद्दा हवेचा आहे. भारतीय चाचण्या २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत करतात. कोरड्या वजनाच्या हिशोबाने कापसात सुमारे ८ टक्के ओल असते, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते, व्हिस्कोस म्हणजे रेयॉनमध्ये १३ टक्क्यांच्या आसपास. पणजीत जुलैच्या हवेत आर्द्रता अनेकदा ८५-९० टक्क्यांवर असते. कापूस आणखी ओल पितो, धागे फुगतात. बकरम चिकटवण्याआधी कापडातली ही ओल निघाली नाही, तर प्रेसच्या उष्णतेत वाफ अडकते आणि कॉलरवर फोड उठतात. उपाय साधा: आधी कोरडी इस्त्री फिरवायची, मग प्रेस. सुया आणि बॉबिन रात्री मशीनवर ठेवल्या तर गंजाचे डाग पहिल्या टाक्यांवर उतरतात. ताका जमिनीला टेकवून ठेवला की बुरशीचे ठिपके येतात, आणि ते रंगीत कापडावरून निघत नाहीत.

किनारपट्टीच्या बाजारात सैल, पातळ रेयॉनचे कपडे भरपूर खपतात आणि आटण्याच्या तक्रारी इथेच जास्त येतात. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद अर्ध्याजवळ येते, म्हणून ते पिळून वाळत घालू नये. बेतण्याआधी कापडावर ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने २५-२५ सेंमी अंतरावर खुणा कराव्या, तीनदा धुऊन वाळवून पुन्हा मोजावं. ताण्यात ७ टक्के आटलं आणि कुर्त्याची लांबी ११० सेंमी हवी असेल, तर ११० ला ०.९३ ने भागायचं: ११८.३ सेंमी. नुसते ७ टक्के वाढवले तर ११७.७ येतात आणि तयार कपडा अर्धा सेंमी तोकडा पडतो. त्याहून मोठी चूक म्हणजे ताण्याचाच टक्का रुंदीलाही लावणे. दोन्ही दिशा क्वचितच सारख्या आटतात.

कुणबी कापडाला आता पुन्हा मागणी आहे, आणि त्यात कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांचा वाटा मोठा. पण या कापडाची जॅकेटं, शर्ट, पिशव्या शिवताना चौकडीच अडचण होते. खिसा, पट्टी आणि बाजूच्या शिवणी जुळवायच्या तर प्रत्येक तुकड्याला एका चौकडीएवढं जादा कापड लागतं. बाणा तिरका गेला असेल तर तेही पुरत नाही, म्हणून ताक्याच्या रुंदीभर एक आडवी रेघ धरून तिरकेपणा आधी पाहावा. लाल रंगासाठी ओल्या पांढऱ्या कापडावर नमुना ठेवून गरम इस्त्री दाबावी. डाग उतरला तर अस्तर पांढरं घेऊ नये.

शिवलेल्या नऊवारीतही जुना प्रश्न परततो. नेसलेल्या लुगड्यात बसताना कासोट्याचं कापड सरकतं. शिवलेल्यात ते कमरेला पक्कं असतं, म्हणून सगळी ओढ मागच्या बैठकीच्या शिवणीवर येते. तिथे सरळ शिवण घातली तर टाका तुटतो किंवा रेशमी कापडात धागे शिवणीपासून सरकतात. त्या जागी २ सेंमी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड), दुहेरी शिवण आणि दोन पायांच्या जोडात ओढ उरेबात येईल असा चौकोनी तुकडा द्यावा लागतो. हा चौकोन बाराबंदीच्या काखेतल्या चौबगल्यासारखाच कापायचा.