दिवे हलके झाले, तरी स्टँड पडतात का?

चित्रपटाच्या पहिल्या दशकात दिव्याच्या स्टँडची फारशी गरजच नव्हती. एडिसनच्या १८९३ च्या ब्लॅक मारिया स्टुडिओचे छप्पर उघडत असे आणि ऊन सरकेल तशी अख्खी इमारत फिरवली जाई. मेलिएसने १८९७ मध्ये काचेचा स्टुडिओ बांधला, तोही उन्हासाठीच. पुढे कूपर ह्युइटच्या पाऱ्याच्या वाफेच्या नळ्या आणि कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीवर चालणारे कार्बन आर्क दिवे आले. नळ्या चौकटीत बसवून छताला टांगत किंवा जमिनीवर उभ्या करत. आर्कला मात्र रुंद बैठकीचा दणकट खांब लागे.

आजच्या स्टँडची मापे त्यानंतरच्या काळातली आहेत. बोलपट आला तसा आर्कचा गुणगुणाट ध्वनिमुद्रणात अडचणीचा ठरू लागला. त्याच सुमारास सर्व रंगांना संवेदनशील अशी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि टंगस्टन बल्बचा पिवळसर प्रकाश तिला चालू लागला. १९२७ मध्ये हॉलिवूडमध्ये सुरू झालेल्या मोल-रिचर्डसन कंपनीने पुढे फ्रेनेल भिंगाचे (प्रकाश एकवटणाऱ्या, कंगोरेदार पातळ भिंगाचे) दिवे बनवले: १००० वॉटचा बेबी, २००० वॉटचा ज्युनियर, ५००० वॉटचा सीनियर. दिव्यांची ही नावे पुढे दिवा आणि स्टँड जोडणाऱ्या पिनलाही चिकटली. ५/८ इंच, म्हणजे जवळपास १६ मिमीची पिन ती बेबी आणि १ १/८ इंच, म्हणजे सुमारे २८ मिमीची ती ज्युनियर.

इथेच पहिली चूक होते. फोटोग्राफीच्या हलक्या ॲल्युमिनियम स्टँडची पिनही बहुधा १६ मिमीचीच असते, त्यामुळे जड दिवा त्यावरही अगदी व्यवस्थित बसतो. पिन जुळली म्हणजे स्टँडला तो भार पेलेलच असे नाही. निवड करताना दिवा, बार्नडोअर (दिव्यापुढच्या झडपा), सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) आणि स्टँडवर टांगणार असाल तर बॅलास्ट (दिव्याची वीज नियंत्रित करणारा डबा), या सगळ्यांचे वजन एकत्र धरा आणि ते उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या बरेच आत राहील असा स्टँड घ्या. ज्युनियर पिनचा दिवा असेल तर कॉम्बो स्टँड सोयीचा, कारण त्यावर दोन्ही मापे चालतात.

सी-स्टँडची, म्हणजे आडव्या दांडीवर प्रकाश अडवायचे साहित्य धरणाऱ्या स्टँडची, गोष्ट निराळी. फ्रेनेलचा प्रकाश टोकदार असतो, तो नको तिथे पडला की कापावा लागतो. त्यासाठी फ्लॅग, नेट, कटर (प्रकाश अडवणाऱ्या कापडी चौकटी आणि जाळ्या) हवेत आणि एका दिव्याभोवती ते धरणारे तीन-चार तरी सी-स्टँड उभे राहतात. म्हणून सी-स्टँडचे तीन पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात: एका स्टँडचे पाय दुसऱ्याच्या पायांखाली सरकतात आणि दाटीतही जागा मिळते. अमेरिकी पद्धतीत दिव्यांचे स्टँड इलेक्ट्रिक विभागाकडे आणि सी-स्टँड ग्रिपकडे (प्रकाश कापण्याचे साहित्य सांभाळणाऱ्या विभागाकडे) असतात, ते यामुळेच. ४० इंची सी-स्टँडवर छोटा दिवा सर्रास लावतात, त्यात वावगे काही नाही. पण त्याची खरी ताकद आडव्या आर्मवर, म्हणजे दांडीवर, फ्लॅग धरण्यात आहे.

आडवा आर्म म्हणजे तरफ, आणि अपघातही बहुतेक इथेच घडतात. तीन पायांचा स्टँड पायावर नव्हे, दोन पायांची टोके जोडणाऱ्या रेषेवरून उलटतो. पायांची टोके मधल्या खांबापासून ५० सेंमीवर असतील, तर ती रेषा खांबापासून फक्त २५ सेंमीवर असते. स्टँड ६ किलोचा आणि १ मीटर आर्मच्या टोकाला ३ किलोचा फ्लॅग, असा हिशेब करून पाहा. आर्म एका पायाच्या बरोबर वर असेल तर पाडणारा जोर ३ × ०.५ = १.५, सावरणारा ६ × ०.५ = ३; स्टँड उभा राहतो. तोच आर्म दोन पायांच्या मधल्या फटीवर वळवला की ३ × ०.७५ = २.२५ विरुद्ध ६ × ०.२५ = १.५. पडलाच म्हणून समजा. भाराखाली पाय हवा, तोही सर्वांत उंच असलेला. वाळूची पिशवी त्याच पायावर टाकायची आणि ती जमिनीला टेकू द्यायची नाही, कारण टेकलेल्या पिशवीचे वजन स्टँड नव्हे, जमीन पेलत असते.

ग्रिप हेडचा, म्हणजे आर्म पकडून ठेवणाऱ्या भागाचा, नॉब आपल्यासमोर असेल तर भार उजवीकडे ठेवावा. फ्लॅग खाली सरकू लागला तर आर्म घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि पकड आणखी घट्ट होते. डावीकडे ठेवला तर तोच भार नॉब सैल करतो. आर्मचे मोकळे टोक डोळ्यांच्या उंचीवर राहत असेल तर त्यावर टेनिस बॉल खोचतात. स्टँड खाली आणताना एका हाताने वरचा भाग आधी पेलून धरायचा, मगच नॉब सोडायचा. ही साधी गोष्ट विसरली की बोटे चेचतात.

टेक्निकलर या रंगीत चित्रपटांच्या पद्धतीला भरपूर उजेड लागे, म्हणून आर्क परतले. त्यांतला ब्रूट २२५ अँपिअर विजेवर चाले. असे अवजड दिवे हाताने वर चढवता येत नाहीत, तिथे हँडल फिरवून चढवायचे क्रँक स्टँड लागतात. त्यांचा खांब ओळंब्यात हवा, नाहीतर भाग अडकतात. उतारावर एक पाय सरकवता येणारा स्टँड घ्यावा, पायाखाली विटा रचू नयेत. दिवा खाली घेतल्याशिवाय स्टँड हलवायचा नाही.

१९६० च्या दशकाअखेर ओसराम कंपनीने एचएमआय हा तेजस्वी दिवा विकसित केला, मग एलईडी आले. तेवढ्याच वजनात आणि विजेत कितीतरी जास्त प्रकाश मिळू लागला. स्टँड पडण्याची भीती मात्र कमी झाली नाही. मऊ प्रकाशासाठी दिव्यापुढे मोठाले सॉफ्टबॉक्स आणि कापड ताणलेल्या फ्रेम आल्या, आणि त्या वारा धरतात. ४ × ४ फुटांची फ्रेम जवळपास १.५ चौरस मीटरची. ताशी ३६ किमी वाऱ्यात तिच्यावर सुमारे ११ किलोचा आडवा रेटा येतो. फ्रेम ३ मीटर उंच असेल आणि उलटण्याची रेषा २५ सेंमीवर, तर केवळ वजनाने तोल राखायला १३० किलोच्या आसपास लागतील. एकदोन पिशव्यांनी काय होणार? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून बाहेरच्या चित्रीकरणात फ्रेमला तीन दिशांनी दोर बांधून खुंट्यांना ताणतात, स्टँड शक्य तितका खाली ठेवतात आणि वावटळ दिसताच आधी कापड उतरवतात, मग दिवा.