च्वानचौ (क्वानझोऊ)

च्वानचौ हे चीनच्या फूज्येन प्रांतातले प्राचीन बंदर-शहर चिन नदीच्या मुखाशी, तैवानच्या सामुद्रधुनीकाठी वसले आहे. अकराव्या ते चौदाव्या शतकांत, म्हणजे सुंग आणि मंगोलांच्या युआन राजवटींच्या काळात, जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत त्याची गणना होत असे. तटाभोवती लावलेल्या पांगाऱ्यांमुळे त्याचे चिनी टोपणनाव ‘त्सथुंग’ पडले. अरब आणि युरोपीय प्रवासी त्याला ‘झैतून’ म्हणत. शहर व परिसरातील २२ स्थळे २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. चीनला जाणारा भारतीय प्रवासी सहसा बीजिंग, शांघाय करून परततो. भारताशी असलेले चीनचे जुने नाते दगडात कोरलेले पाहायचे असेल, तर मात्र च्वानचौला पर्याय नाही.

बंदराची भरभराट वाऱ्यांवर उभी होती. हिवाळ्यात ईशान्येकडून वारे सुटले की जहाजे दक्षिणेला निघत आणि उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर परत येत. चांगला वारा लाभावा म्हणून सरकारी अधिकारी शहराबाहेरच्या च्यूरी टेकडीवर विधिपूर्वक प्रार्थना करत. त्यांच्या नोंदी तिथल्या कातळावर आजही वाचता येतात. १०८७ साली सुंग दरबाराने येथे सागरी व्यापाराचे कार्यालय उघडले. परदेशी मालाची तपासणी, जकात आणि व्यापाऱ्यांची व्यवस्था त्याच्याकडे होती. चिनी मातीची भांडी, रेशीम आणि लोखंड बाहेर जाई. मिरी, धूप, सुगंधी लाकडे आत येत. १२७६ च्या सुमारास मंगोल फौजा दक्षिणेत उतरल्या, तेव्हा फू शौकंग या मुस्लिम व्यापारी-अधिकाऱ्याने सुंगांची बाजू सोडून शहर मंगोलांच्या हवाली केले. व्यापार थांबला नाही, उलट वाढला. अलेक्झांड्रियाला मिऱ्याचे एक जहाज जात असेल तर झैतूनला शंभर येतात, असे मार्को पोलोचे वर्णन आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने तर हे जगातले सर्वांत मोठे बंदर ठरवले.

शहरातले मुख्य ठिकाण म्हणजे ६८६ मध्ये स्थापन झालेले खाययुआन बौद्ध मंदिर. आवारातले दोन अष्टकोनी, पाच मजली दगडी मनोरे तेराव्या शतकातले असून प्रत्येकी चाळीस मीटरांहून उंच आहेत. पश्चिमेच्या मनोऱ्यावर तलवारधारी वानराची आकृती आहे. तिचा संबंध कुणी हनुमानाशी, तर कुणी चिनी कथांतल्या वानरराजाशी जोडतात. मनोरे पाहून झाल्यावर मुख्य सभागृहाला वळसा घालून मागच्या बाजूस अवश्य जावे. तिथे दोन दगडी खांब आहेत. त्यांवरच्या गोल चौकटींत नरसिंह आहे, गजेंद्रमोक्ष आहे, गोपींची वस्त्रे घेऊन झाडावर बसलेला कृष्ण आहे. बौद्ध मंदिराच्या ओसरीत हे पाहताना कोणताही मराठी माणूस चित्रातली गोष्ट फलक न वाचता सांगू शकेल. दक्षिण भारतीय व्यापाऱ्यांनी युआन काळात येथे हिंदू देवालय बांधले होते. ते पडल्यानंतर त्याचे दगड युआननंतरच्या मिंग राजवटीतल्या दुरुस्तीत या मंदिरात बसवले गेले. सभागृहासमोरच्या चौथऱ्यावरील नरमुखी सिंहांचे पट्टेही त्याच देवालयातले मानतात.

देवालयाचा लेखी पुरावा १९५६ साली सापडला. तमिळ आणि चिनी अशा दोन लिपींतला हा शिलालेख शके १२०३ च्या चित्तिरै महिन्यातला, म्हणजे एप्रिल १२८१ मधला आहे. संबंधपेरुमाळ नावाच्या गृहस्थाने शिवाची प्रतिष्ठापना केली, ती मंगोल सम्राटाच्या, म्हणजे कुबलाई खानाच्या, कल्याणासाठी, असे त्यात म्हटले आहे. चीनच्या किनाऱ्यावर शालिवाहन शकाची कालगणना कोरलेली आढळते, याचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. शिवलिंगाची पूजा करणारा हत्ती, लिंगापाशी उभी गाय असे आणखी कोरीव दगड शहरात ठिकठिकाणी मिळाले. त्यांतले बरेच १९५९ मध्ये स्थापन झालेल्या सागरी संग्रहालयात आहेत.

महाराष्ट्राशी असलेला दुवा निराळाच आणि फारसा माहीत नसलेला आहे. १३२१ साली ठाण्यात कॅथलिकांच्या फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मप्रचारक मारले गेले. काही काळाने तिथून गेलेल्या ओदोरिक या इटालियन भिक्षूने त्यांच्या अस्थी उचलल्या, जहाजातून पूर्वेकडे नेल्या आणि झैतूनमधल्या आपल्या पंथाच्या मठात ठेवल्या, असे त्याने स्वतःच्या वृत्तांतात सांगितले आहे. त्या काळी येथे कॅथलिक बिशपही होता. कमळावर उभा क्रूस कोरलेल्या ख्रिस्ती समाधिशिला सागरी संग्रहालयात पाहायला मिळतात.

थूमन रस्त्यावरची छिंगचिंग मशीद हिजरी ४०० मधली, म्हणजे १००९-१० ची. उंच दगडी प्रवेशद्वार आणि छत गेलेल्या प्रार्थनागृहाच्या भिंती शिल्लक आहेत. शेजारीच क्वान देवाचे मंदिर आहे आणि तिथे धुपाचा धूर सतत चालू असतो. चिनच्यांग भागातल्या त्साओआन मंदिरात १३३९ साली कोरलेली मानीची मूर्ती आहे. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात निघालेला मानी पंथ जगातून जवळजवळ नाहीसा झाला. येथे मात्र त्याचा संस्थापक ‘प्रकाश-बुद्ध’ म्हणून पूजेत राहिला आणि म्हणूनच वाचला.

पुलांसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. ल्वोयांग पूल १०५३ ते १०५९ या काळात भरतीच्या खाडीवर बांधला गेला. पायथ्याशी दगडांची रास ओतून तिच्यावर कालवे वाढवली गेली. त्यांच्या शिंपल्यांनी दगड एकमेकांना घट्ट धरले. कोकणच्या खडकांवरून कालवे काढताना ती किती चिवट असतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही युक्ती चटकन पटेल. बाराव्या शतकातला आनफिंग पूल दोन किलोमीटरांहून लांब आहे.

च्वानचौच्या उपसागरातल्या होउचू येथील चिखलातून १९७४ मध्ये सुंग काळातले जहाज उकरून काढले. लांबी सुमारे २४ मीटर, पोटात १३ कप्पे. एका कप्प्यात पाणी शिरले तरी जहाज तरंगत राहावे म्हणून आडव्या फळ्यांच्या भिंती होत्या. आत सुगंधी लाकूड, मिरी आणि कवड्या मिळाल्या.

उतरती कळा १३५७ पासून जवळजवळ दशकभर चाललेल्या बंडाने लागली. परदेशी वस्त्यांची वाताहत झाली. पुढे मिंग दरबाराने खासगी सागरी व्यापारावर निर्बंध घातले आणि गाळाने बंदर उथळ होत गेले. येथले लोक नंतर तैवान, फिलिपाईन्स, मलाया, सिंगापूर इथे जाऊन स्थायिक झाले. तिथे आजही ऐकू येणारी हॉक्येन बोली मूळची याच टापूतली.

जवळच्या श्यामन शहरातून वेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासात येथे पोहोचता येते. जुने शहर पायीच पाहावे: पश्चिम रस्त्यावरून खाययुआन, तिथून थूमन रस्त्यावरची मशीद, मग दक्षिणेला समुद्रदेवी माचूचे थ्यनहौ मंदिर. शुनफू या कोळीवाड्यात कालवांच्या शिंपल्यांच्या भिंती असलेली घरे आहेत आणि बायका अंबाड्याभोवती फुलांची वलये माळतात. उन्हाळ्यात व शरदाच्या आरंभी वादळांचा धोका असतो. नोव्हेंबरनंतरची हवा फिरायला चांगली. शाकाहारी प्रवाशांनी जपून खावे, कारण इथल्या प्रसिद्ध बारीक शेवयांच्या दाट रस्स्यातही मासळी किंवा मांसाचा अर्क असतो. दुकानांत पैसे बहुधा फोनवरूनच चुकते होतात, त्याची सोय निघण्यापूर्वी करून ठेवावी. वेळ एकच दिवसाचा असेल तर खाययुआन आणि सागरी संग्रहालय ही दोनच ठिकाणे सावकाश पाहावीत. पुलांसाठी आणि त्साओआनसाठी दुसरा दिवस लागतो.